विश्लेषण : एमआरआयचे बिल मजुराला किती दिवसांचे पडते?

शस्त्रक्रियेसाठी सरकारी कार्ड आहे, पण शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवणाऱ्या स्कॅनसाठी रोख पैसे भरावे लागतात. गरीब रुग्णाची उपचाराची वाट अनेकदा इथेच, म्हणजे रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याआधी अडते. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआयचा खर्च इतका का होतो, योजनांमधून तो का निसटतो आणि दरांना लगाम घालता येतो का, याचा हा आढावा.

हा खर्च वेगळा का मोजायचा?

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. शहरातील खासगी केंद्रात साध्या एमआरआयला साधारण पाच ते दहा हजार रुपये पडतात. सहा हजार धरले तरी ती १९ दिवसांची मजुरी झाली. साधा एक्स-रे ३००-४०० रुपयांचा, म्हणजे एका दिवसाची कमाई. सोनोग्राफीला तीन ते पाच दिवस घामाचे.

पण केंद्राच्या पावतीवर दिसतो तो खर्चाचा एक भाग. समजा, बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड मजुराला अचानक फिट आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला. सरकारी रुग्णालयात तारीख पुढची मिळते, म्हणून घरचे खासगी केंद्र गाठतात. तपासणीचे सहा हजार. रुग्णासोबत एक माणूस लागतोच, त्यामुळे दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे, आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर तेच भाडे पुन्हा. त्याचे हजारभर रुपये, खाण्यापिण्याचे चारशे. दोघांचे दोन दिवस बुडाले, त्याचे १,२४८. बेरीज ८,६४८ रुपये होते, म्हणजे जवळपास २८ दिवसांची मजुरी. डॉक्टरांनी ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिले असेल, म्हणजे शिरेतून औषध टोचून प्रतिमा काढायची असेल, तर त्या इंजेक्शनचे आणि त्याआधी मूत्रपिंडाची क्षमता तपासण्यासाठी करायच्या रक्तचाचणीचे पैसे वेगळे. हा हिशेब ढोबळ आहे. पण ज्या घरात पैसा मुकादमाच्या उचलीतून येतो, त्या घराला ही रक्कम पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फेडावी लागते.

आणि एवढे करूनही उपचार सुरू झालेला नसतो. औषधाच्या पैशांतून निदान आजारी माणसाला गोळी तरी मिळते. स्कॅनच्या पैशांतून फक्त पुढे काय करायचे हे कळते. त्यामुळेच घरात पहिली काटछाट तपासणीवर होते. ‘आधी गोळ्या घेऊन बघू’ हे वाक्य डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकलेले असते. काही वेळा ते शहाणपणाचेही ठरते. पण मेंदूतील गाठ किंवा पोटातील कर्करोग गोळ्यांनी थांबत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच रुग्ण येतो तेव्हा खर्चही वाढलेला असतो आणि आजारही.

योजना आहेत, मग पैसे कुठे लागतात?

राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. जुलै २०२४ पासून तिचे कवच राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे झाले. कागदावर हे मोठे पाऊल आहे, आणि हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रत्यक्षातही.

अडचण योजनेच्या रचनेत आहे. ही योजना दाखल होणाऱ्या रुग्णाची आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस तपासण्या व औषधांसाठी धरले जातात. प्रत्यक्षात निदानाला तीन दिवस पुरत नाहीत. गावचा डॉक्टर, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा तज्ज्ञ, त्यानंतर सोनोग्राफी, तिच्यात काही दिसले म्हणून सीटी, असा प्रवास आठवडे चालतो. शस्त्रक्रियेच्या पूर्वमंजुरीसाठी रुग्णालयाला याच तपासण्यांचे अहवाल जोडावे लागतात. म्हणजे मोफत उपचाराच्या दारापर्यंत पोहोचण्याचे भाडे रुग्णाने भरायचे. आणि स्कॅनमध्ये काही निघालेच नाही, किंवा गोळ्यांवर भागणारा आजार निघाला, तर दाखल होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि योजनेचाही.

सरकारी रुग्णालयांत चित्र वेगळे असायला हवे. केंद्राच्या मोफत निदान सेवा उपक्रमात जिल्हा रुग्णालयात मोफत सीटी स्कॅनची तरतूद आहे. आरोग्य संस्थांसाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ प्रकारच्या तपासण्या उपलब्ध असायला हव्यात. राज्यानेही १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या नि:शुल्क केल्या. मात्र ही सवलत आरोग्य विभागापुरती आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, महापालिकांची रुग्णालये महापालिकांकडे. गुंतागुंतीचे रुग्ण तर शेवटी तिथेच पाठवले जातात. कोणते रुग्णालय कोणत्या खात्याचे, हे रुग्णाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते त्याला शुल्काच्या खिडकीवर कळते.

शिवाय मोफत असणे आणि मिळणे यात अंतर असते. यंत्र आहे पण तंत्रज्ञ नाही. तंत्रज्ञ आहे पण अहवाल देणारा क्ष-किरणतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो. सारे आहे पण यंत्र दुरुस्तीला गेले आहे. अनेक ठिकाणी सरकारी आवारात खासगी भागीदाराचे सीटी-एमआरआय केंद्र चालते. तिथले दर करारानुसार बाजारापेक्षा कमी असतात आणि ठरावीक गटांना सवलतही मिळते. पण त्यासाठी लागणारे शिधापत्रिका किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद अचानक आजारी पडलेला माणूस खिशात घेऊन फिरत नाही.

धर्मादाय रुग्णालयांतील सवलतही खाटेभोवती फिरते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात, अशी ती योजना आहे. दाखल न होता नुसता स्कॅन करायला आलेल्याला तिचा आधार क्वचितच मिळतो.

सीमेवरच्या रुग्णांचे काय?

सिंधुदुर्गातील सावंतवाडी, दोडामार्ग परिसरातील लोकांना मोठ्या तपासणीसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय जवळचे. वर्षानुवर्षे ते तिथे जात आले. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले आणि त्याविरोधात दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती. आपल्या करदात्यांच्या पैशांतून शेजारच्या राज्याची आरोग्यसेवा किती दिवस चालवायची? पण त्या वादाने एक गोष्ट उघड केली. आपल्या जिल्ह्यात नसलेली तपासणी शेजारच्या राज्यात मोफत मिळते, यावर हजारो कुटुंबांचा हिशेब उभा होता.

यंत्रे इतकी महाग का?

एमआरआयच्या पोटात एक अतिशीत चुंबक असतो. तो उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो आणि त्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. पारंपरिक यंत्रात दीड-दोन हजार लिटर. हेलियम भारतात आयात होतो. यंत्रात रुग्ण असो वा नसो, शीतकरण रात्रंदिवस चालू राहते आणि विजेचे मीटर फिरत राहते. देशात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी बहुतांश, विशेषत: अशी मोठी यंत्रे, बाहेरून येतात. त्यामुळे रुपया घसरला की सुटे भाग आणि देखभालीचे करार महागतात.

आता एक सोपे गणित. दीड टेस्लाचे यंत्र समजा सहा कोटींचे आहे आणि दहा वर्षे चालेल. नुसत्या यंत्राचा खर्च महिन्याला पाच लाख रुपये झाला. महिन्याचे २५ दिवस रोज २५ स्कॅन झाले तर एका स्कॅनमागे ८०० रुपये पडतात. रोज पाचच झाले तर चार हजार. यात व्याज, वीज, देखभाल, पगार अजून आलेले नाहीत. लहान शहरात यंत्र का येत नाही आणि आले तर दर कमी का होत नाहीत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. यंत्र परवडायचे तर रुग्णांची रांग हवी. आणि रांग कशी लावायची, हा प्रश्न आपल्याला पुढच्या, जरा अप्रिय विषयाकडे नेतो.

‘कट’चा भाग किती?

२०१३ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले. काही दिवसांनी त्यांच्या नावे १,२०० रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दलचे हे ‘व्यावसायिक शुल्क’ होते. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या आणि पुढे पद्मश्री मिळालेल्या या डॉक्टरांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. वैद्यकीय वर्तुळात कुजबुजीत बोलली जाणारी गोष्ट त्यामुळे पहिल्यांदाच धनादेशासह समोर आली.

रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणे वा घेणे वैद्यकीय आचारसंहितेला धरून नाही. पण हा नियम डॉक्टरांना लागू होतो. केंद्र चालवणारी कंपनी डॉक्टर नसते. ही फट बुजवण्यासाठी २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती होती. मसुद्याचा कायदा मात्र झाला नाही.

सगळे डॉक्टर कट घेतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. न घेणारे आहेत, आणि ‘मला द्यायचे ते रुग्णाच्या बिलातून कमी करा’ असे चिठ्ठीवर लिहून पाठवणारेही आहेत. त्या चिठ्ठीने दर खरोखर उतरतो. दर मुळात किती फुगवलेला होता, ते त्यावरून समजते.

दर बांधता येतात का?

येतात. राज्याने ते करून दाखवले आहे.

करोनाच्या पहिल्या लाटेत छातीचा ‘एचआरसीटी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. खोकला आला की स्कॅन, अशी स्थिती होती आणि केंद्रे मनाला येईल ते दर लावत होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कमाल दर ठरवून दिले : १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर दोन हजार रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर अडीच हजार आणि ६४ पेक्षा जास्त क्षमतेच्या यंत्रावर तीन हजार. फिल्म, अहवाल, पीपीई किट, निर्जंतुकीकरण हे सारे त्यातच. ज्यांचे दर आधीच कमी होते त्यांनी ते वाढवायचे नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्कॅन करायचा नाही.

या आदेशातील बारकावा महत्त्वाचा आहे. सरकारने सरसकट एकच आकडा फेकला नाही. यंत्राच्या क्षमतेनुसार तीन पायऱ्या केल्या. महागड्या यंत्रात गुंतवणूक करणाऱ्याला थोडे जास्त, जुने यंत्र चालवणाऱ्याला कमी. केंद्रचालकांच्या संघटनांचा नेहमीचा आक्षेप असतो की सगळ्या यंत्रांना एका मापाने मोजता येत नाही. त्याला उत्तर या पायऱ्यांत होते. आदेशामुळे राज्यातील केंद्रे बंद पडली नाहीत. आरटी-पीसीआर चाचणीचा दरही २०२० च्या सुरुवातीला साडेचार हजार होता, तो टप्प्याटप्प्याने वर्षभरात ५०० रुपयांवर आला.

हे सारे साथरोगाच्या काळातील विशेष अधिकारांखाली झाले आणि साथीबरोबर संपले. आज खासगी स्कॅनच्या दरांवर राज्यात कायमस्वरूपी मर्यादा नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णालयांना दरपत्रक व रुग्ण हक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. पण तो शुश्रूषागृहांचा, म्हणजे खाटा असलेल्या ठिकाणांचा कायदा. नुसता स्कॅन करणाऱ्या केंद्रात खाट नसते. योजना, सवलत आणि कायदा या तिन्ही ठिकाणी खाट मोजली जाते आणि स्कॅन बाहेर राहतो, हा काही योगायोग नव्हे. आरोग्य खर्च म्हणजे दाखल होण्याचा खर्च, या समजुतीवरच आपली व्यवस्था उभी आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट दिलासादायक आहे. तरी दर शंभरातील ३९ रुपये अजूनही रुग्ण स्वत:च मोजतो, आणि बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्या त्यातच येतात.

प्रत्येक स्कॅन गरजेचा असतो का?

नाही, आणि बचतीची मोठी जागा इथे आहे. साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयची गरज नसते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बहुतेकांची कंबर तेवढ्यात बरी होते. पायातील ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, सोबत ताप येणे, आधी कर्करोग झालेला असणे किंवा पडून मार लागलेला असणे, ही लक्षणे असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. गंमत अशी की चाळिशीनंतर कोणत्याही निरोगी माणसाच्या मणक्याचा एमआरआय काढला तर ‘गादी सरकलेली’ दिसण्याची शक्यता बरीच असते. ओझी उचलणाऱ्या माणसाच्या हातात तो अहवाल पडला की भीतीपोटी पुढच्या तपासण्या आणि इंजेक्शने सुरू होतात.

दुसरी गळती पुनरावृत्तीची. नवे रुग्णालय जुना स्कॅन मानत नाही. कधी ते योग्य असते; आजार बदललेला असतो किंवा जुनी प्रतिमा धूसर असते. अनेकदा मात्र रुग्णाकडे फक्त छापील अहवाल असतो, मूळ प्रतिमा नसतात, आणि नुसत्या अहवालावर शस्त्रक्रिया ठरवणे शल्यचिकित्सकाला अवघड जाते.

सोनोग्राफीचे दुखणे वेगळेच. यंत्र तुलनेने स्वस्त, किरणोत्सर्ग नाही, उचलून नेता येते. गरीब भागासाठी याहून सोयीचे साधन नाही. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे यंत्राची, जागेची आणि डॉक्टरांची नोंदणी लागते, फिरत्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत आणि २०१२ च्या नियमबदलानुसार एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करता येते. मुलींच्या घटत्या जन्मदरामुळे हे निर्बंध आले आणि ते सैल करा असे सहज म्हणता येत नाही. त्याची किंमत मात्र दुर्गम तालुक्यातील गर्भवती प्रवासात मोजते. सरकारी संस्थेत गर्भवतींच्या तपासण्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाचे शिबिर असते. ही तारीख आशाताईंना पाठ असते.

स्वस्त यंत्रे येणार का?

मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने देशी बनावटीचे दीड टेस्लाचे एमआरआय यंत्र विकसित केले असून त्याच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. बेंगळूरुच्या ‘व्हॉक्सेलग्रिड्स’ या नवउद्योगाने त्याआधी द्रवरूप हेलियम न लागणारे यंत्र तयार केले आहे. यंत्र स्वस्त झाले म्हणून पावतीवरचा आकडा आपोआप उतरेल असे नाही. वर दिलेल्या गणितात यंत्राची किंमत हा एकच घटक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला, त्याचाही लाभ रुग्णापर्यंत किती पोहोचतो, हे केंद्रांच्या दरफलकावरच दिसेल.

क्षयरोगात मात्र वेगळी वाट सापडली आहे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. आता हातात मावणारी एक्स-रे यंत्रे वस्तीवर नेली जातात आणि संगणकप्रणाली प्रतिमा वाचून संशयित रुग्ण वेगळे काढते. तिथे रुग्णाला ना भाडे पडते, ना रोज बुडतो. एमआरआय असा पाड्यावर नेता येणार नाही, हे उघडच आहे.

तोवर रुग्णाने काय विचारावे?

डॉक्टरांना एवढेच विचारावे की या स्कॅनच्या निकालाने उपचार बदलणार आहे का, आणि तो आज हवा की थांबता येईल. साधा हवा की कॉन्ट्रास्टसह, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे. रुग्ण हक्कांच्या सनदेत तो नोंदवलेला आहे. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी फोन करून फिल्म, इंजेक्शन आणि अहवाल धरून एकूण दर विचारावा. रोगनिदान सेवेवर जीएसटी नाही. बिलात तो वेगळा लावला असेल तर कारण विचारावे. प्रतिमांची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर बाहेर स्कॅन करण्याआधी योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून, या तपासणीचा खर्च योजनेत बसतो का, हे विचारावे. फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे, आयुष्मान भारतचा १४५५५.